बिट्स, ब्राउन, फॉक्सी: दाण्यातला दोष बागेचा की क्युअरिंगचा?

भाजणीवाला (धागाकर्ता)

कॉफीवरचे इथले धागे बहुतेक फिल्टर, डिकॉक्शन आणि चिकोरीच्या प्रमाणावर आहेत. हा धागा त्याआधीच्या टप्प्याबद्दल आहे. चिकमगळूर, हासन, कोडगू इथल्या बागांमधून थेट कॉफी घेणारे छोटे भाजणारे पुण्या-मुंबईत आता बरेच झाले आहेत आणि सगळ्यांची अडचण साधारण एकच आहे.

नवीन वाचकांसाठी दोन ओळी. फळ सोलून, आंबवून, धुऊन कवचासकट वाळवलं की ते पार्चमेंट. फळ तसंच अख्खं वाळवलं की ती चेरी. दोन्ही प्रकार पोत्यांतून क्युअरिंग वर्क्समध्ये जातात. तिथे हलर या यंत्रात कवच निघतं, दाणे आकार आणि वजनाप्रमाणे वेगळे होतात, खराब दाणे निवडले जातात आणि आकाराप्रमाणे प्लँटेशन ए, बी, सी, शिवाय पीबेरी (फळात एकच गोल दाणा) असे ढीग पडतात. ५० किलोमागे किती किलो साफ कॉफी निघाली, तो आउटटर्न.

आता प्रश्न. एकाच बागेच्या पार्चमेंटचा आउटटर्न एका हंगामात ४०.५ आणि पुढच्या हंगामात ३९. फरक फक्त दीड किलोचा, पण कपातला फरक खूप मोठा. बागायतदार म्हणतो हलरने माल फोडला, क्युअरिंगवाले म्हणतात मालच तसा आला. नमुना हातात असताना खरं कोण हे ओळखता येतं का? आणि आउटटर्नच्या आकड्याखेरीज क्युअरिंगने बागेला काय कळवायला हवं?

---

तोलकाटा

ओळखता येतं. सुरुवात बिट्सपासून करा, म्हणजे तुटक्या दाण्यांपासून.

१०० ग्रॅम बिट्स पांढऱ्या कागदावर पसरा आणि तुटलेली कड उजेडात बघा. कड दाण्याच्या आतल्या रंगाचीच, स्वच्छ आणि कोरडी असेल तर दाणा हलरमध्ये किंवा त्यानंतर फुटला. कड तपकिरी किंवा काळपट असेल तर दाणा ओला असताना कापला गेला, म्हणजे बागेतल्या फळ सोलणाऱ्या यंत्रात, पल्परमध्ये. ओल्या जखमेला हवा लागते, ती आंबवणीच्या टाकीतून जाते, मग आठ-दहा दिवस वाळते. तोवर कड काळी पडते. हलरमधल्या फुटीला काळं पडायला वेळच मिळत नाही. दोन वाट्या घेऊन काळ्या कडेचे आणि स्वच्छ कडेचे तुकडे वेगळे तोला, कोणाचा वाटा किती ते दिसेल.

स्वच्छ कडेचे तुकडे जास्त निघाले तरी हलरचालकालाच धरायचं असं नाही. माल ९ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवला असेल तर दाणा ठिसूळ होतो आणि चांगल्या हलरमध्येही फुटतो. उलट १३-१४ टक्क्यांचा माल फुटत नाही, चेपतो. चपटा, कडा पसरलेला, फिकट दाणा दिसला की माल ओला होता असं समजा. ओलावा १० ते ११ टक्के असूनही फूट आहे, तर मग यंत्राकडे बघायचं: हलरची पाती झिजलेली, फट चुकीची, किंवा तासाला जास्त माल काढायच्या नादात भरण वाढवलेलं.

आणखी एक तपासणी यंत्र चालू असतानाच करावी लागते. पॉलिशरमधून बाहेर पडणारा दाणा मुठीत धरा. कोमट चालेल. हात मागे घ्यावासा वाटला तर चकाकीसाठी माल जास्त घासला जातोय. असा दाणा दिसतो छान, पण त्याचा निळसर-हिरवा रंग काही आठवड्यांत उडतो आणि कप सपाट होतो. वर वजनही भुकटी होऊन जातं, ते वेगळंच.

---

मलनाड_मुक्काम

तोलकाटा यांनी काळ्या कडेचं छान सांगितलं. ती येते कुठून ते बागेच्या बाजूने लिहितो.

पल्परची फट हंगामात एकदा लावून सोडून देतात, हे मूळ दुखणं. पहिल्या वेचणीचं फळ, मुख्य वेचणीचं फळ आणि शेवटचं फळ यांचा आकार एक नसतो. पाऊस कमी झाला त्या भागातलं फळ बारीक असतं. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन जातींची फळंही एका आकाराची नसतात, एकीवर लावलेल्या फटीतून दुसरी नीट निघत नाही. म्हणून रोज पहिली दहा मिनिटं चालवल्यावर तोंडाशी येणारे १०० दाणे मोजून बघायचे. दोन-तीनपेक्षा जास्त कापलेले दिसले की फट वाढवायची. फट वाढवली की काही फळं न सोलताच पुढे जातात, त्यासाठी पल्परच्या पुढे चाळणी हवी. चाळणीवर राहिलेली फळं पुन्हा पल्परमध्ये घालायचा मोह आवरा. ती बहुतेक कच्ची किंवा अर्धवट सुकलेली असतात. वेगळी वाळवून चेरीत घाला.

त्याच्याही आधीची पायरी म्हणजे पाण्याची टाकी. फळं पाण्यात सोडली की पोकळ, किडकी, सुकलेली वर तरंगतात. ती काढून वेगळी वाळवायची. ही पायरी गाळली तर ती सगळी पोकळ भर पार्चमेंटमध्ये जाते आणि क्युअरिंगच्या ग्रॅव्हिटी टेबलवर हलका माल म्हणून बाहेर पडते. तोवर ती सोलण्याची, धुण्याची, वाळवण्याची, वाहतुकीची मजुरी खाऊन बसलेली असते.

आणि वेचणी. अरेबिकाला चार ते सहा फेऱ्या लागतात आणि मजूर मिळत नाहीत म्हणून त्या दोन-तीनवर येतात. फांदी एकदम ओरबाडली की हिरवं, पिवळं, लाल, काळं सगळं एका पोत्यात. मजुरी किलोवर असेल तर वेचणाऱ्याला हिरवं सोडायचं काही कारणच उरत नाही. पिकलेल्या फळाला किलोमागे जास्त दर आणि पोत्यातल्या हिरव्या फळांची मोजणी, हा एकच उपाय चालताना दिसतो. २०२४ मध्ये रोबस्टाचे भाव विक्रमी झाले तेव्हा हा उपायही मागे पडला, कारण कशाही मालाला गिऱ्हाईक होतं.

---

कपचाखणी

बिट्स डोळ्यांना दिसतात, निवडता येतात. मला जास्त काळजी न दिसणाऱ्या दोषांची वाटते.

स्टिंकर, म्हणजे सडका दाणा. आंबवणीची टाकी रिकामी करताना कोपऱ्यात, फटीत, पल्परच्या पन्हाळीत काल-परवाचे दाणे अडकून राहतात. ते दुसऱ्या दिवशीच्या मालात मिसळतात आणि दोनदा-तीनदा आंबतात. कवचाखाली असा दाणा जवळपास इतरांसारखाच दिसतो. कलर सॉर्टर काळा आणि तपकिरी दाणा चांगला पकडतो, पण हा त्याच्या नजरेतून सुटतो. अतिनील दिव्याखाली बरेचसे चमकतात, तशी सोय थोड्याच ठिकाणी आहे. चाखणीत पाच कप मांडतात ते याचसाठी. चार कप स्वच्छ आणि एकात कुजका वास, म्हणजे त्या एका कपात असा एखादा दाणा गेला. क्युअरिंगने कितीही निवडलं तरी हा दोष तिथे सुटणार नाही. टाकी आणि पन्हाळ रोज संध्याकाळी घासणं एवढंच त्याचं औषध.

फॉक्सी दाण्याला मधल्या चिरेत आणि पातळ सालीवर तांबूस झाक असते. फार पिकलेलं फळ, किंवा वेचून रात्रभर पोत्यात राहिलेलं. संध्याकाळी पोत्यात हात घातला आणि आतून ऊब लागली, तर फॉक्सी दाणे त्याच वेळी तयार होत असतात. वेचलं त्याच दिवशी सोलायचं, याला पर्याय नाही.

ठिपकेरी, अर्धा फिकट अर्धा गडद दाणा हा वाळवणीचा दोष: थर असमान, किंवा वाळत आलेला माल दवाने-पावसाने पुन्हा भिजलेला. आणि भाजल्यावरही पातळ साल चिकटून राहणारे दाणे बहुतेक कच्च्या फळाचे किंवा पाण्याच्या ताणातल्या झाडांचे.

---

रानवाट

मूलभूत प्रश्न. आंबवणी संपली हे बागेत ओळखतात कसं? घड्याळाने?

---

मलनाड_मुक्काम

घड्याळ फक्त अंदाजाला. अरेबिकाला २४ ते ३६ तास म्हणतात, पण उंचावरच्या थंड बागेत जास्त लागतात आणि खाली उबेत लवकर उरकतं. खरी परीक्षा हाताची. मूठभर दाणे पाण्यात चोळायचे. बुळबुळ गेली आणि वाळूतले खडे चोळल्यासारखा खरखरीत आवाज आला की झालं. दुसरी खूण, ढिगात काठी खुपसून बाहेर काढली की भोक तसंच उभं राहतं. बुळबुळ असताना ते मिटून जातं. काठी आणि मूठ दोन्ही सांगतात तेव्हा लगेच धुवायचं, सकाळची वाट बघायची नाही.

रोबस्टाचा चिकट थर जाड आणि घट्ट असतो, निव्वळ आंबवून तो नीट जात नाही. पार्चमेंट करायचंच असेल तर घासून धुणारं यंत्र बरं. अर्धवट धुतलेला रोबस्टा वाळताना गोळे होतात आणि आतून बुरशी धरतात.

---

सह्यपठार

बागेतून माल ओला का पाठवतात? पाण्याचं वजन मिळतं म्हणून?

---

तोलकाटा

काही जण त्या समजुतीने, काही जण पावसाच्या भीतीने, आणि बरेच जण चुकीच्या मोजमापामुळे. हिशेब करून दाखवतो.

५० किलो रोबस्टा चेरी ११ टक्क्यांवर असेल तर तिच्यात ४४.५ किलो कोरडा माल. तीच ५० किलो १४ टक्क्यांवर असेल तर कोरडा माल ४३ किलो. म्हणजे पोत्यात सुमारे १.७ किलो जास्तीचं पाणी. ११ टक्क्यांवर जिचा आउटटर्न २६ आला असता, तिचा वाळवल्यानंतर साधारण २५.१ भरेल. भाव आउटटर्नवर असल्यामुळे पाण्याचे पैसे मिळतच नाहीत. शिवाय पुन्हा वाळवण्याचा खर्च लागतो, थप्पीत ऊब धरून बुरशी येते, आणि बुरशीबरोबर ऑक्राटॉक्सिन हे तिचं विष. युरोपात जाणारा माल त्यावर अडू शकतो. पोतं उघडल्यावर मातकट, कुबट वास आला तर तो भाजणीतही जात नाही.

मोजमापाच्या चुका अशा. एक, वाळवणीच्या यार्डातून उचललेला गरम माल लगेच मीटरमध्ये घालतात. सावलीत थंड होऊ द्या, मग मोजा. दोन, पार्चमेंट कवचासकट मोजतात आणि मीटर साफ दाण्याच्या खुणेवर असतो. तीन, मीटर वर्षानुवर्षं पडताळलेला नसतो. १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये १६ तास ठेवून वजनातली घट काढणं ही पडताळणीची प्रमाण पद्धत आहे. ओव्हन क्युअरिंगकडे असतो. हंगाम सुरू होण्याआधी बागायतदाराने मीटर आणि नमुना घेऊन यावं, दोन्हींतला फरक कागदावर लिहून मीटरला चिकटवावा. याला पैसे लागत नाहीत, फक्त क्युअरिंगच्या दाराशी कोणीतरी 'या' म्हणायला हवं.

मीटर नसेल तर ठरावीक मापाच्या डब्यात शिगोशीग माल भरून रोज एकाच वेळी तोला. वजन रोज घटत जातं, मग थांबतं. सलग दोन दिवस तेच आलं की पोत्यात भरायची वेळ.

---

मलनाड_मुक्काम

वाळवणीचं थोडं पुरवून ठेवतो. पार्चमेंट सुरुवातीला चार सेंटीमीटर थर, जाळीच्या मांडवावर, तासातासाने हलवायचं. पहिल्या दोन दिवसांत भर दुपारचं कडक ऊन लागलं तर कवच तडकतं. मग हलरपर्यंत जाताजाता ते गळून पडतं आणि उघडा दाणा ओल धरतो. दुपारी झाकायचं, रात्री दवापासून झाकायचं. चांगल्या उन्हात सात ते दहा दिवस. चेरीला आठ सेंटीमीटरपर्यंत थर चालतो, बारा ते पंधरा दिवस लागतात. चेरी मातीवर कधीच नाही.

आता मूळ तक्रारीकडे. बागेने हे सगळं नीट केलं तरी क्युअरिंगकडून परत काय येतं? एक कागद: पोती इतकी, आउटटर्न इतका. त्यात काळ्या कडेचे बिट्स किती, फॉक्सी किती, किडके किती, काहीच नाही. माणूस कागदावर जो आकडा दिसतो त्याच्याच मागे धावतो. आउटटर्न दिसतो म्हणून आउटटर्नच्या मागे.

ही सवय जुनी आहे. कॉफी बोर्डाच्या पूल पद्धतीत माल क्युअरिंगमार्फत एका मोठ्या साठ्यात जायचा आणि पैसे गुणांप्रमाणे हप्त्याहप्त्याने मिळायचे. कोणाची कॉफी कोणाच्या कपात गेली हे कळायला वाव नव्हता. १९९२ पासून खुली विक्री थोडीथोडी सुरू झाली आणि १९९६ मध्ये पूर्ण मोकळीक मिळाली. विक्री मोकळी झाली, कागद मात्र बहुतेक ठिकाणी तोच राहिला.

---

तोलकाटा

तक्रार रास्त आहे. कागदावर काय असावं ते सुचवतो, आणि क्युअरिंगच्या मर्यादाही सांगतो.

माल उतरतानाच प्रत्येक पोत्यातून शलाकेने थोडाथोडा नमुना काढायचा, एकत्र करून त्याचे तीन भाग करायचे. एक तपासणीला, एक बागायतदाराला, एक मोहोरबंद करून ठेवायचा. वाद झाला तर तिसरा भाग उघडायचा. तपासणीच्या भागातले २५० ग्रॅम हाताच्या हलरने सोलायचे. पार्चमेंट असेल तर चांगल्या मालाचे २०० ग्रॅमच्या आसपास भरतात, चेरी असेल तर १३० च्या आसपास. मग दोष निवडून प्रत्येक प्रकार वेगळा तोलायचा: काळे, तपकिरी, पल्परने कापलेले, हलरने फुटलेले, किडके, फॉक्सी, ठिपकेरी, साल चिकटलेले. माणसाला अर्धा तास लागतो. ही चिठ्ठी बागेत दुसऱ्या दिवशी पोचली पाहिजे, कारण वेचणी अजून चालू असते आणि पल्परची फट उद्या बदलता येते. मे महिन्यात मिळालेल्या चिठ्ठीचा त्या हंगामाला काही उपयोग नाही.

शेवटच्या हिशेबात सगळं वजन जुळलं पाहिजे. आलेला माल = ए + बी + सी + पीबेरी + बिट्स + ब्लॅक-ब्राउन (काळे-तपकिरी दाणे) + टरफल + अदृश्य घट. अदृश्य घट म्हणजे धूळ आणि उडालेला ओलावा. तो आकडा लिहायचा टाळला जातो आणि संशय तिथूनच सुरू होतो. नाकारलेला माल बागायतदाराच्या नावावर दाखवायचा. तो विकला तर त्याचे पैसेही त्याचेच.

मर्यादा अशी की मोठ्या हलरच्या साखळीत, पट्ट्यांत, हॉपरमध्ये आधीच्या मालाचे काही किलो राहतात. दहा पोत्यांचा लॉट चालवला तर त्याची सुरुवात दुसऱ्याच्या मालाने आणि शेवट पुढच्याच्या पोटात. प्रत्येक वेळी यंत्र रिकामं करून झाडायचं तर दिवसाचं काम निम्मं होतं. म्हणून लहान लॉट एकत्र केले जातात, आणि भारतात बहुसंख्य बागायतदार लहानच आहेत. दहा हेक्टरच्या आतले.

---

कपचाखणी

त्याला उपाय आहे, पण तो बागांच्या बाजूने सुरू व्हावा लागतो. एका ओढ्याच्या, एका उंचीच्या आठ-दहा बागा मिळून एक लॉट करतात. अट अशी की सगळ्यांची जात सारखी, पल्पिंग त्याच दिवशी, ओलावा ठरलेला, आणि प्रत्येकाचा माल एकत्र करण्यापूर्वी वेगळा तपासलेला. एकाने फॉक्सी माल घातला की बाकीच्या नऊ जणांचा कप जातो, म्हणून ही आधीची तपासणी सोडायची नाही. आंध्रातल्या अराकूमध्ये याच्या एक पाऊल पुढे जाऊन शेतकरी पिकलेलं फळ सामायिक केंद्रात देतात आणि सोलणं-वाळवणं एका हाताखाली होतं. कोडगूत बहुतेकांचा स्वतःचा पल्पर आणि यार्ड असतो, त्यामुळे तिथे एका केंद्राऐवजी सगळ्यांना एक नियम लावणं सोपं.

---

भाजणीवाला

खरेदीदाराच्या बाजूने. जास्तीचा भाव द्यायचा तर तो चाखणीत शंभरपैकी मिळालेल्या नुसत्या गुणांकावर देऊ नका. ८४ आले की इतके, ८२ आले की तितके, यातून बागेला काय बदलायचं ते कळत नाही. तोलकाटा म्हणतात त्या चिठ्ठीतल्या दोन ओळी निवडा, समजा पल्परने कापलेले आणि फॉक्सी. त्या ठरलेल्या टक्क्याच्या आत आल्या तर किलोमागे ठरलेली वाढ, आणि हे वेचणीच्या आधी लिहून द्या. पुढच्या वर्षी तिसरी ओळ. पैसे साफ मालाच्या वजनावर आणि वेळेवर. सहा महिन्यांनी मिळणारी वाढ वेचणाऱ्याच्या मजुरीत उतरत नाही.

क्युअरिंगकडूनही एक मागणी करा: माल पार्चमेंटमध्येच ठेवा, हलिंग पाठवणीच्या जवळ. कवच हे दाण्याचं संरक्षण आहे. फेब्रुवारीत सोललेला दाणा जूनच्या दमट हवेत पांढुरका होतो. थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. त्याच गोदामात खत किंवा डिझेल असेल तर तिथे माल ठेवूच नका. पोती नवी आणि खनिज तेलाचा वास नसलेली.

---

मेळघाटी

चिखलदऱ्यात थोडी कॉफी होते. माल काही पोतीच, जवळ क्युअरिंग नाही आणि इतक्या मालासाठी कर्नाटकात ट्रक पाठवणं परवडत नाही. हे सगळं तिथे कसं बसवायचं?

---

तोलकाटा

एवढ्या मालाला मोठं यंत्र नकोच. लहान हलर, तासाला ५०-६० किलो काढणारा, पुरतो. तो भरण कमी ठेवून चालवा आणि बाहेर पडणारा दाणा मुठीत धरून बघत राहा. वाऱ्याने टरफल उडवायला पंखा. आकारासाठी गोल भोकांच्या तीन चाळण्या: १७, १५ आणि १४ नंबर. नंबर म्हणजे इंचाचे ६४ भाग केले तर त्यातले तितके. पीबेरीसाठी लांबट भोकांची एक. ग्रॅव्हिटी टेबल नसल्याने हलके दाणे आत राहतात, म्हणून फळ पाण्यात तरंगवून काढणं तुमच्याकडे सक्तीचं समजा. कलर सॉर्टरचं काम हातांनी: काळ्या नाही, फिकट निळ्या टेबलावर, उत्तरेच्या उजेडात, एका वेळी पसाभर माल. मोठ्या क्युअरिंगमध्येही शेवटची निवड बऱ्याच ठिकाणी बायकांच्या हातांनीच होते, त्याला गार्बलिंग म्हणतात.

पहिल्या वर्षी पार्चमेंटच्या नादी न लागता चेरी करा. पिकलेलंच फळ, तरंगणारं काढून, मांडवावर आठऐवजी तीन-चार सेंटीमीटर थराने. पाणी कमी लागतं, आंबवणीची चूक होत नाही. २५० ग्रॅमची चिठ्ठी मात्र दर आठवड्याला करा आणि इथे टाका. काळ्या कडेचे तुकडे त्यात नसतील, पल्परच नाही. फॉक्सी आणि बुरशीचे दाणे किती येतात ते बघू.

---

मेळघाटी

चाळण्यांची मापं लिहून घेतली. मांडव बांबूचा चालेल का, की लोखंडी जाळीच हवी?

---

मलनाड_मुक्काम

सांगाडा बांबूचा उत्तम. वर जाळी नायलॉनची घ्या, लोखंडी गंजते आणि ओल्या फळाला डाग पडतात. उंची कंबरेएवढी, रुंदी दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचेल एवढीच, नाहीतर मधला पट्टा हलवायचा राहतो आणि बुरशी तिथूनच येते.